आचरा ते चौल, झिजलेल्या चेनवर

शुक्रवार : आचरा ते रत्नागिरी

गौरी-गणपतीचं विसर्जन गुरुवारी झालं. शुक्रवारी पहाटे मामाच्या खळ्यात मोटरसायकल मेन स्टँडवर घेतली आणि मागचं चाक हाताने फिरवून बघत होतो. चेन एका जागी जेमतेम बोटभर हलत होती, चाक थोडं पुढे नेलं की तीन बोटं. चार-पाच कड्या तर स्प्रॉकेटवरून, म्हणजे चेनच्या दातेरी चाकावरून, सुटल्यावरही सरळ होत नव्हत्या, वाकलेल्याच राहायच्या. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर काढलं तर दात एका बाजूने खाल्लेले, टोकं पुढे झुकलेली.

चेन ताणली गेली असं आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यात एक पिन बुशमध्ये, म्हणजे छोट्याशा नळीत, फिरत असते. ती दोन्ही एकमेकांना घासतात आणि सांध्यात केसाएवढी जागा पडते. अशा शंभरावर सांध्यांतली जागा मिळून चेन लांबते. माझी चेन 428 मापाची, म्हणजे दोन पिनांमध्ये अर्धा इंच, 12.7 मिलिमीटर. एका पिनपासून पुढची विसावी पिन मोजली तर नव्या चेनमध्ये 254 मिलिमीटर भरायला हवेत. मामेभावाच्या मुलीच्या दप्तरातली पट्टी मागून घेतली, चेन ताणून धरून मोजलं. 261 भरले. पावणेतीन टक्के. दोन टक्क्यांच्या पुढे गेलेली चेन मी ठेवत नाही, आणि चौलहून निघताना ती त्याच्या आत होती. येताना राजापूरच्या अलीकडे रस्त्याच्या कामासाठी काढलेल्या वळणावर खडीच्या भुकटीत आणि जांभ्याच्या लाल चिखलात गाडी बराच वेळ अडकली, मग आठवडाभर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पावसात उभी होती. ओ-रिंगच्या चेनमध्ये पिनच्या सांध्यातलं ग्रीस रबरी कड्यांनी आत कोंडलेलं असतं. माझी साधी चेन. तिच्यात बाहेरून जे तेल शिरेल तेवढंच, आणि ते पावसाने धुऊन निघालं की तिथे चिखल शिरतो. तेलात कालवलेली जांभ्याची माती पॉलिश पेपरसारखं काम करते.

मालवण आणि कणकवलीत फोन लावून झाले. गाडीचं मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली. तिचं चेन-स्प्रॉकेट किट कोल्हापूरहून मागवावं लागणार आणि सणाच्या दिवसांत ते कधी येईल हे सांगायला कोणी तयार नव्हतं. नुसती चेन मिळत होती, पण झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली की ती काही दिवसांतच जुन्या चेनच्या वळणावर जाते. मला मंगळवारी सकाळी कामावर हजर व्हायचं होतं. रेल्वेने पाठवायचाही विचार केला, पण परतीच्या त्या गर्दीत गाडी कुठल्या दिवशी चढेल याचा भरवसा नव्हता.

राहता राहिला रस्ता. मुंबई-गोवा हायवे माझ्या मनातून पहिल्यांदा बाद झाला. गौरी-गणपती आटोपले की सगळा चाकरमानी एकदम माघारी फिरतो. त्या रांगेत, मागून गाड्या रेटत असताना चेन तुटली तर काय होईल हे मला नीट माहीत होतं. वेगात तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होते. कधी मागचं चाक जाम होतं, कधी इंजिनाची केसच फुटते. दोन्हींवर उपाय एकच, वेग कमी ठेवणं. किनाऱ्याच्या रस्त्याला तासाला पस्तीस-चाळीसच्या वर जावंसं वाटतच नाही, मागे डंपर नसतात, आणि माझं घर रेवदंड्याच्या खाडीला लागून असलेल्या चौलात असल्यामुळे तो रस्ता थेट दारात नेतो. बायको आणि मुलगी एसटीने पुढे गेल्या, सगळं सामान त्यांच्याबरोबर. गाडीवर मी, पाने-पकडीची पिशवी आणि रेनकोट.

“एक दिस थांब मरे,” मामा म्हणाले. मग माझा विचार ठरलेला बघून त्यांनी होडीच्या इंजिनासाठी ठेवलेल्या गिअर ऑइलची बाटली आणून दिली. “पोचलंस काय फोन कर.”

मुणगे, मिठबाव, कुणकेश्वर, मग तारामुंबरीच्या पुलावरून देवगड. इथपर्यंत चेनने तक्रार केली नाही. पण या रस्त्याची घडण मला त्या दिवशी नव्याने कळली. कोकणचा किनारा वरून पाहिला तर जांभ्याचा सपाट सडा आहे, समुद्रापासून शंभर-दीडशे मीटर उंच, आणि दर काही मैलांवर एखादी नदी तो सडा कापून खाडीला मिळते. रस्ता सड्यावर असतो तोवर सरळ, मोकळा. खाडी आली की तीव्र उतार, पाण्याच्या पातळीवर पूल, आणि लगेच पलीकडचा चढ. आजवर मी हे वळणांनी आणि नजाऱ्यांनी लक्षात ठेवायचो. या वेळी प्रत्येक खाडी म्हणजे एक चढ होता आणि प्रत्येक चढ म्हणजे चेनवरचं वजन.

चढावर गिअरचं काय करायचं, यावर मी बराच विचार केला. पुष्कळ जण सांगतात की वरच्या गिअरवर ठेव, चेनला आराम मिळतो. तसं होत नाही. गाडी एका वेगाने चढवायला चाकाला जेवढा जोर लागतो, तेवढा चेनला ओढावा लागतोच, गिअर कुठलाही असो. चेन मागच्या स्प्रॉकेटला धरून ओढते आणि चाक त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं, म्हणून माझ्या गाडीत चाकाच्या जोराच्या साधारण साडेतीनपट ताण चेनमध्ये येतो. दहा टक्के चढावर गाडी आणि मी मिळून सव्वादोनशे किलो धरले तर सावकाश चढतानाही चेनवर ऐंशी किलोचा ताण. तो टळत नाही. टाळता येतो तो झटका. पहिल्या गिअरमध्ये थ्रॉटल जोरात पिळला तर टॉप गिअरच्या जवळजवळ तिप्पट ताण एका क्षणात बसू शकतो. आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन धापा टाकायला लागलं तर प्रत्येक धक्का सरळ कड्यांवर. म्हणून दुसरा गिअर, इंजिन ना तापलेलं ना दमलेलं, थ्रॉटल एकाच जागी धरलेला, आणि गिअर बदलताना क्लच अलगद सोडायचा. दिवसभर मी हेच केलं.

पडेल ओलांडलं, वाघोटनचं पात्र मागे पडलं, जैतापूरच्या खाडीपुलावर थांबून चेनला तेल दिलं. पाऊस थांबून थांबून पडत होता. आडिवऱ्याच्या महाकालीच्या देवळात ओटीवर बसून मामीने दिलेले घावणे खाल्ले. कशेळीचा कनकादित्य या वेळी रस्त्यावरूनच हात जोडून सोडला, कारण तिथे उतरणं म्हणजे परत चढणं.

पूर्णगडच्या पुलानंतरच्या चढावर पहिल्यांदा ‘टक्’ झालं. आवाजापेक्षा ते पायाच्या तळव्याला आधी कळलं. चेनने एक दात सोडला होता. मी थ्रॉटल बंद केला, गाडी कडेला घेतली, इंजिन थांबवलं. मुचकुंदीचं पाणी खाली गढूळ वाहत होतं. चेन सगळ्यात ताठ होते ती जागा शोधली, त्या जागेवर दोन बोटं झोल ठेवून मागचं चाक मागे घेतलं. चेन नेहमी तिच्या सगळ्यात ताठ जागीच बेतायची. ढिल्या जागी बेतली तर ताठ जागा आल्यावर बेअरिंगवर मार बसतो. मागे घेण्याच्या खुणा जवळजवळ संपल्या होत्या.

पावस, भाट्याचा पूल, आणि दिवे लागायच्या वेळेला रत्नागिरी.

शनिवार : रत्नागिरी ते गुहागर

सकाळी मारुती मंदिर परिसरात पायीच फिरलो. बहुतेक गॅरेजना कुलपं. कुणाचा गणपती अकरा दिवसांचा, कुणाची पोरं गावाला गेलेली. एका गल्लीच्या टोकाला एक शटर अर्धं वर होतं आणि आत एक वयस्क मिस्त्री एकटेच कार्ब्युरेटर पुसत बसले होते. “पोरं सगळी गणपतीला गावी गेलीत,” ते म्हणाले. “मी आणि रेडिओ, दोघंच आहोत. आण गाडी.”

गाडी आणली. चाचांनी काही न विचारता चाक फिरवलं, डोळे मिटून ऐकलं, मग पुढचं कव्हर काढलं. किट इथेही नव्हतंच. त्यांनी पुढच्या स्प्रॉकेटची पट्टी आणि दोन बोल्ट काढले, स्प्रॉकेट हातात घेतलं, फडक्याने पुसलं आणि उजेडाकडे धरून मला दाखवलं.

“बघ. दात एकाच बाजूने खाल्लेत. चेन इकडूनच ओढते ना. दुसरी बाजू कोरी आहे.”

काही गाड्यांच्या पुढच्या स्प्रॉकेटला एका बाजूने उंचवटा असतो, ते उलटं बसत नाही. माझ्या गाडीचं दोन्हीकडून सपाट. चाचांनी ते उलटं करून शाफ्टवर सरकवलं. झुकलेली टोकं आता दुसऱ्या दिशेला आणि चेनला टेकायला न झिजलेली बाजू. मी हे ऐकून होतो, प्रत्यक्ष होताना पाहिलं नव्हतं. नवा माल हाताशी नसताना जुन्या मालात अजून काय शिल्लक आहे हे शोधणारी ही नजर छोट्या गॅरेजांमध्येच टिकून आहे. मोठ्या वर्कशॉपात मला ‘किट आल्यावर या’ एवढंच ऐकायला मिळालं असतं.

चेन काढून त्यांनी डिझेलच्या टबात टाकली. डिझेल क्षणात तांबूस झालं. अर्ध्या तासाने बाहेर काढून एकेक जाम कडी दोन्ही हातांत धरून आडवी-उभी वाकवत बसले, पुन्हा बुडवली, पुन्हा वाकवली. चार मोकळ्या झाल्या. पाचवी ऐकेना, तेव्हा तीच काढून टाकायचं ठरलं. पिनचं डोकं ग्राइंडरवर घासलं, पंच ठेवून दोन घाव, आणि जोडीने दोन कड्या बाहेर. त्यामुळे चेन 25.4 मिलिमीटरने आखूड झाली आणि मागचं चाक त्याच्या निम्मं, म्हणजे 12.7 मिलिमीटर पुढे आलं. मागे घ्यायला पुन्हा जागा मिळाली. टोकं लॉकने, म्हणजे क्लिप लावून बंद करायच्या जोडकडीने, जोडली. लॉकवरच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला हवं, उघडं तोंड मागे. उलटी बसली तर कुठेही घासून निघून जाते. चाचांनी ती पकडीने बसवली, नखाने दाबून पाहिली. नवीन चेनच्या पाकिटातलं एक लॉक कागदाच्या पुडीत बांधून माझ्या खिशात घातलं. “लागणार नाही. पण असू दे.” शेवटी नव्वद नंबर ऑइल, आतल्या बाजूने, चाक हळूहळू फिरवत, म्हणजे फिरताना ते बाहेर उडायच्या ऐवजी कड्यांत ओढलं जातं.

दुपारी निघालो. आरे-वारेच्या चढावर कान लावून होतो. सगळं गप्प. कालची टकटक नव्हती, फक्त एक बारीक घरघर, उलट्या दातांना चेनची ओळख होत असल्यासारखी. डाव्या हाताला दोन्ही किनारे, पावसाळी समुद्र मातकट, लाटा लांबून फुटत येणाऱ्या. गणपतीपुळ्यात वाहनांची गर्दी होती, थांबलो नाही. मालगुंडला, केशवसुतांच्या गावी, टपरीवर चहा घेतला आणि चेन बघितली. झोल तेवढाच.

जयगडच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहताना एका इंजिनवाल्या खलाशाने माझ्या चेनकडे पाहून विचारलं, “किट मिळालं नाय वाटतं?” इथल्या लोकांना यंत्र कळतं. रोज इंजिनावर पोट असलेली माणसं आहेत. बोटीवर चढताना लोखंडी फळीवर झटका बसू नये म्हणून मी गाडी ढकलत चढवली, त्यानेही मागून हात लावला. शास्त्री नदीच्या खाडीवरची ती थोडी मिनिटं चेनला फुकट मिळालेली विश्रांती होती. चढ नाही, उतार नाही, तरी घर जवळ येतंय.

तवसाळला उतरलो तोवर पाऊस वाढला. इथून हेदवी, वेळणेश्वर, पालशेत हा पट्टा साऱ्या वाटेत सगळ्यात अवघड. गावं समुद्राकाठी, रस्ता दर वेळी खाली डोकावून वर येणारा. हेदवीच्या दशभुजा गणेशाची पाटी मागे पडली. वेळणेश्वरच्या पुढे चढाच्या मध्यावर गाडीचा जोर एकाएकी गेला. इंजिन फिरतंय, चाक नाही. चेन रस्त्यावर मागे सापासारखी पडली असेल म्हणून वळून पाहिलं, तर ती अजून मागच्या स्प्रॉकेटवर लोंबकळत होती. लॉकची बाहेरची पट्टी सुटली होती, क्लिप गेलेली. वेग चालण्याएवढाच होता, म्हणून काहीच मोडलं नाही.

पलीकडे एक घर होतं. दारातल्या बाईंनी विचारलं, “काय झालं?” आणि उत्तर ऐकायच्या आत म्हणाल्या, “पडवीत घ्या गाडी, भिजू नका.” पडवीत अजून माटोळीची, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची, सुकलेली फळं होती. त्यांच्या मुलाने मोबाइलचा दिवा धरला. लॉकच्या दोन पिना मागून घातल्या, पट्टी बाहेरून बसवली आणि खिशातली पुडी काढली. हे काम दोन मिनिटांचं, पण ओल्या बोटांनी नवी क्लिप बसवताना ती उडून शेणाने सारवलेल्या अंगणात गेली तर दुसरी नव्हती. म्हणून त्या मुलाला खाली एक परात धरायला लावली. क्लिप आधी पुढच्या पिनच्या खाचेत अडकवली, मग पकडीचा एक दात मागच्या पिनवर, दुसरा क्लिपच्या उघड्या टोकावर, आणि हळू दाब. ‘टिच्’ आवाज आला, दोन्ही खाचांत बसली. बंद तोंड पुढे, दोनदा पाहिलं. बाईंनी पिठलं-भात वाढला. पैसे घेतले नाहीत, उलट निघताना मुलाने स्वतःच्या सायकलची तारेची एक गुंडाळी दिली: “परत गेली तर बांधायला.”

अंधारात गुहागर गाठलं. पालशेतच्या उतारावर चेनकडे बघण्यापेक्षा रस्त्याकडे बघणं भाग होतं.

रविवार : गुहागर ते केळशी

सकाळी उघडीप. धोपाव्याच्या धक्क्यावरून वाशिष्ठी ओलांडून दाभोळ. दाभोळचा चढ मात्र सरळ छातीवर येतो. तिथे मी बसलोच नाही. इंजिन चालू, पहिला गिअर, क्लच अर्धा, आणि स्वतः गाडीच्या डाव्या बाजूने चालत. माझं सत्तर-पंचाहत्तर किलो वजन चेनवरून उतरलं तर ताणही त्याच प्रमाणात उतरतो. एका रिक्षावाल्याने थांबून गाडी बांधून ओढू का विचारलं. मी चेन दाखवली तर म्हणाला, “बरोबर करताय.” वर पोचेपर्यंत शर्ट पिळून काढावा असा झाला होता.

बुरोंडी, लाडघर, कर्दे, मुरूड. हे दापोलीचं मुरूड, महर्षी कर्व्यांचं गाव. इथून हर्णैपर्यंत रस्ता माडांमधून जवळजवळ सपाट जातो, आणि सपाट रस्त्यावर चेन जे सांगते ते ऐकायला फुरसत असते. आवाज आता बदलला होता. टकटक नाही, घरघर नाही, तर चेनच्या एका फेरीत एकदा येणारी हलकी कुरकुर. ताठ जागा पुढच्या स्प्रॉकेटवरून जाताना. ती तेवढीच राहिली तर चालेल, दोनदा यायला लागली तर थांबायचं, असं ठरवून टाकलं.

आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती टाळायचा नव्हता. गाडी खाली एका वाडीत उभी केली, कारण तो चढ चेनकडून मागायचा मला हक्क नव्हता, आणि पायऱ्यांनी वर गेलो. वरून सुवर्णदुर्ग, हर्णैचं बंदर, मागे सोडलेले सगळे सडे एकामागे एक दिसले. नुसत्या डोळ्यांनी मोजता येत होतं की आपण किती वेळा खाली उतरलो आणि किती वेळा वर आलो.

आड्यावरून केळशी. मुक्कामाच्या घरी विहिरीवर चेन धुतली, पुसली, मामांचं तेल पाजलं. आजोबा जवळ येऊन बसले, जवळून पाहत. म्हणाले, पूर्वी रहाटाच्या साखळीला असंच करायचो.

सोमवार : केळशी ते चौल

वेसवीला पोचलो तेव्हा सकाळची बोट सुटत होती, हात केला तर थांबली. सावित्रीच्या खाडीत बाणकोटच्या पुलाचे खांब बरीच वर्षं अर्धवट उभे आहेत. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांची, ते मुख्यमंत्री होते 1980 ते 1982. सगळे पूल झाले की हा प्रवास निम्म्या वेळात होईल. लोकांची सोय होईल, दवाखान्याला जाणाऱ्याची तर फारच, आणि ते व्हायलाच हवं. पण माझ्यासारख्याला त्या दिवशी बोटीने जी साथ दिली ती पुलाने दिली नसती. पुलाचा चढ गाडीलाच चढावा लागतो.

बागमांडला, हरिहरेश्वर, श्रीवर्धन. श्रीवर्धनच्या पुढे आरावी-कोंडविल-शेखाडीचा रस्ता समुद्राला खेटून जातो, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला भरतीचं पाणी. चार दिवसांत चेनला मिळालेला हा सर्वांत सुखाचा तुकडा. मी टॉप गिअरमध्ये, थ्रॉटल जेमतेम उघडा, आणि पायाखालून काहीही येत नव्हतं. दिवेआगरात थांबून झोल मोजला तर पुन्हा अडीच बोटं झालेला. रत्नागिरीहून निघताना मिळालेल्या जागेपैकी निम्मी जागा संपली होती. नव्या चेनला जे वापरायला महिने लागतात ते इथे दोन दिवसांत. झिजलेली चेन अशीच झपाट्याने झिजते, कारण वरचा कडक थर गेला की आतलं लोखंड मऊ असतं.

दिघीला दुपारी. आगरदांड्याच्या बोटीवरून राजपुरीच्या तोंडाशी जंजिरा धूसर दिसत होता. मुरूड आलं, हे आपलं मुरूड, आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर रेवदंडा यायला लागलं तशी मनाची घाई सुरू झाली. तीच धोक्याची. काशीदच्या अलीकडच्या चढावर ‘टक्’ झालं, लगेच दुसरं. उलटवलेले दातही आता खाल्ले गेले होते. उतरलो आणि दाभोळसारखा चालत वर गेलो. काशीदला पर्यटकांच्या गाड्या हॉर्न देत होत्या, त्यांना कारण कळायचं कारण नव्हतं. उतारावर न्यूट्रल केलं नाही. गिअरमध्ये ठेवून इंजिनाचा ब्रेक घेतला की चेनची खालची बाजू ताणली जाते, आणि ढिली चेन तिथेच उतरते, म्हणून क्लच दाबून ब्रेकवर, हळू.

बोर्ली, साळाव, आणि कुंडलिकेवरचा रेवदंड्याचा पूल. पुलावर मी ताशी वीसने गेलो. चौलच्या नाक्यावर वाडीतल्या पोरांनी हात केला. घरी गाडी उभी करून हात लावला तर चेन गरम होती, बोट ठेवून राहता येणार नाही इतकी.

मामांना फोन केला. मग आठवडाअखेर किट आलं आणि रेवदंड्यातल्या मिस्त्रींनी जुनी चेन काढून नवीच्या शेजारी फरशीवर ठेवली. दोन्हींच्या तितक्याच कड्या मोजून घेतल्या, तरी जुनी जवळजवळ दोन इंच पुढे आलेली. जुनी आडवी धरली तर दोरीसारखी वाकत होती. मागच्या हबमधले रबरही गेलेले निघाले, तेही बदलले. उलटवलेल्या स्प्रॉकेटचे दात आता दोन्ही बाजूंनी खाल्लेले, टोकाला खिळ्यासारखे.

त्याचा फोटो रत्नागिरीच्या चाचांना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. फोटोबद्दल बोलले नाहीत. विचारलं, “क्लिप कुठली गेली? जुनी की पुडीतली?”

“जुनी. वेळणेश्वरच्या पुढे. पुडीतली शेवटपर्यंत टिकली.”

“म्हणजे चूक माझी. तेव्हाच नवी बसवायला हवी होती.” थोडं थांबून म्हणाले, “नवीन चेनला लॉक आहे की रिपिट?”

रिपिट म्हणजे रिव्हेट, ठोकून कायमची बंद केलेली कडी. लॉक आहे म्हणून सांगितलं.

“मग पावसाळा संपला की एकदा इकडे ये, रिपिट मारून देतो.”